न दिसलेली पिवळी रेघ

अमेयने ती ओळ लिहिली तेव्हा दुपारचे पाऊण वाजले होते आणि त्याला भूक लागली होती. पुढे कितीतरी दिवस त्याने स्वतःला हेच कारण दिलं, की भूक लागली होती, घाई होती, आणि मॅडम मागे उभ्या होत्या. कारणं सगळी खरी होती. एकाचाही उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

हैदराबादेतली ती कंपनी रक्त-लघवीच्या तपासण्या करणाऱ्या लॅबसाठी प्रोग्राम लिहायची. जानेवारीत कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि सगळ्या फायली जुन्या फोल्डरमधून उचलून आतल्या नव्या फोल्डरमध्ये मांडल्या गेल्या. प्रोग्राम बिनतक्रार चालत होता. गडबड केली ती एडिटरने. एडिटर म्हणजे प्रोग्रामरची लिहायची वही. पण ही वही जरा जास्तच शहाणी असते. एका फाइलीत दुसरी फाइल मागवली, म्हणजे इम्पोर्ट केली, की ती फाइल खरोखर आहे का हे ती आधी जाऊन बघून येते, आणि सापडली नाही तर त्या ओळीखाली पिवळी नागमोडी रेघ मारते. फायलींनी घर बदललं, पण एडिटरला नवा पत्ता कोणी सांगितलाच नाही. तो बिचारा जुन्याच दारावर टकटक करत राहिला आणि अकराच्या अकरा जणांच्या पडद्यावर दोनशे त्रेचाळीस खोट्या पिवळ्या रेघा उमटल्या.

फेब्रुवारीत लॅबवाल्यांच्या साहेबाने कॉलवर त्या बघितल्या आणि विचारलं, हे एवढं पिवळं काय आहे? श्रीलता मॅडम, म्हणजे टीमच्या मुख्य, कॉल संपताच अमेयच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "अमेय, लंच के बाद फिर कॉल है. ये पीला-पीला सब निकाल दो."

खरा उपाय अमेयला ठाऊक होता. प्रत्येकाच्या मशीनवर बसायचं, एडिटरला सांगायचं की बाबा रे, या प्रोजेक्टची पायथन भाषा मशीनवर इथे बसवलीय, आणि फायली आता इथे राहतात. प्रत्येकाची मांडणी निराळी, त्यामुळे अर्धा-पाऊण दिवस सहज गेला असता. त्याऐवजी त्याने सगळ्यांच्या सामाईक सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घातली: इम्पोर्ट सापडला नाही तरी काही दाखवू नकोस. पाच मिनिटांत अकरा पडदे धुतल्यासारखे स्वच्छ झाले. मॅडम म्हणाल्या, "सुपर, अमेय." तो जेवायला गेला.

शुक्रवारी नीट करून टाकू, असं त्याने ठरवलं होतं. शुक्रवार आला आणि गेला. त्यानंतरचेही आले आणि गेले. पडद्यावर जे दिसत नाही ते माणूस विसरतो, आणि अमेय तर मुळातच वेळ मारून नेण्यात पटाईत.

टीममध्ये मराठी बोलणारे दोघेच. एक अमेय, कोथरूडचा, चार वर्षं हैदराबादेत राहूनही बिर्याणीपलीकडे न गेलेला. दुसरी शिवानी, ऑक्टोबरात लागलेली, इथल्याच अंबरपेठेत जन्मून वाढलेली. तिचे आईवडील नांदेडकडचे. तिचं मराठी अमेयला पहिल्या दिवशी चक्क परकं वाटलं होतं. "सर, तुम्ही मराठी हाव? मंग टेन्शनच नाही," ती म्हणाली होती, आणि आठवड्याभरात सरचा दादा झाला होता. "दादा, हे जरा बघता का? लई परेशान केलंय यानं." तिला मराठी बोलता यायचं, वाचताना मात्र ती अडखळायची, शाळा तेलुगू-इंग्रजीत झालेली. अमेय तिच्या बोलण्याची थट्टा करायचा, ती त्याच्या पुणेरी बोलण्याची नक्कल करायची. बहिणीची हौस त्याला नव्हती, पण कोणीतरी दादा म्हणतं याचं त्याला बरं वाटे. तिचा कोड तपासून पास करायचं कामही त्याच्याकडेच होतं.

एप्रिलच्या अखेरीस शिवानीचे प्रोबेशनचे सहा महिने संपायचे होते. ती घरातली पहिली कॉम्प्युटरवाली. नोकरी पक्की झाल्याचं पत्र यायचं तेवढं बाकी होतं.

एक एप्रिलला लॅबचा महिन्याचा अहवाल मधेच बंद पडला. तो भाग शिवानीने मार्चमध्ये नव्याने लिहिलेला होता आणि महिन्यातून एकदाच चालायचा, त्यामुळे ही त्याची पहिलीच खेप. त्यात तिने एक फाइल जुन्या पत्त्यावरून मागवली होती, आणि जुन्या पत्त्यावर आता काही नव्हतं. साधी चूक. दोन मिनिटांत दुरुस्त झाली. पण तोवर चाळीस शाखांचे अहवाल अडकले होते आणि लॅबवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं.

दुपारी मीटिंग झाली. श्रीलता मॅडमनी ती ओळ पडद्यावर लावली. "ये तो एडिटर खुद बताता है, शिवानी. यलो लाइन आती है. दिखी नहीं?"

"नहीं मॅडम. मुझे नहीं दिखी."

"सबको दिखती है, तुमको नहीं दिखी?"

शिवानीने एकदा अमेयकडे बघितलं. आरोप करायला नव्हे; घरातल्या माणसाकडे बघतात तसं. त्या क्षणी अमेयला सगळं आठवलं: ती भूक, ती ओळ, ते सुपर. आणि आणखी एक. हा कोड त्यानेच पास केला होता. वरून खाली नजर फिरवली होती, कुठे पिवळं दिसलं नव्हतं, म्हणजे सगळं ठीक. स्वतःच रेघा पुसल्या, आणि रेघा नाहीत म्हणून स्वतःच निश्चिंत झाला! मूर्खपणाला काही सीमा असते. पण मूर्खपणा तरी माफ करता येतो. त्यानंतर त्याने जे केलं ते करता येत नाही. त्याने बाटलीचं झाकण उघडलं, पाण्याचा घोट घेतला आणि झाकण लावलं.

संध्याकाळपर्यंत शिवानीबद्दल मॅडमची मेल गेली: कामात लक्ष कमी आहे, प्रोबेशनचा निर्णय बावीस तारखेच्या सोमवारी घेऊ, कदाचित तिला थांबवावं लागेल. त्या मेलची प्रत अमेयलाही आली होती. त्याने ती दोनदा वाचली आणि लॅपटॉप मिटला.

सांगायला काय हरकत होती? काही नाही. पण पहिल्या दिवशी जे एका वाक्यात झालं असतं, त्याला दुसऱ्या दिवशी दोन वाक्यं लागली असती, काल का बोलला नाहीस हे समजवायला एक जास्तीचं. आठवड्याने ते भाषणच झालं असतं. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत अमेय मूग गिळून बसला. तो नीट जेवेना. त्यातच मे महिन्यात त्याला सीनियर करायचं चाललं होतं, हेही त्याच्या मनात होतं, आणि हे मनात आहे याचीच त्याला सर्वांत जास्त लाज वाटत होती.

पुढच्या बुधवारी शिवानी चष्मा लावून आली. काळ्या फ्रेमचा, नाकावरून घसरणारा.

"हे काय नवीन?" अमेयने विचारलं.

"हिमायतनगरला डोळे दाखवले, दादा. डॉक्टर म्हणले, नंबर काहीच नाही म्हणलं तरी चालतं, नक्को लावू. मी म्हणलं, नाही, द्याच." तिने चष्मा वर सरकवला. "सगळ्यांना दिसायलं अन् मला दिसायलं नाही म्हंजे काहीतरी असंलच की."

अमेयला त्या क्षणी तिथेच बोलायचं होतं. "छान दिसतोय," तो म्हणाला. असले शब्द तोंडातून निघालेच कसे, म्हणून त्या दिवशी त्याने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

शुक्रवारी जाताना तिने त्याच्या टेबलावर एक जाड वही ठेवली. "दादा, एकदा नजर टाका ना. सोमवारी मॅडमला दाखवायचंय."

शनिवारी खोलीवर त्याने ती उघडली. शिवानीने प्रोजेक्टमधला एकेक इम्पोर्ट हाताने लिहून काढला होता. कुठल्या फाइलीत, काय मागवलंय, ते खरंच कुठे आहे, आणि शेवटच्या रकान्यात हिरव्या शाईची बरोबरची खूण. सत्तर पानं! जे काम एडिटर पापणी लवायच्या आत करतो, आणि जे करायला अमेयने त्याला मनाई केली होती, ते ही मुलगी घसरता चष्मा सावरत दोन आठवडे हाताने करत बसली होती. काही ठिकाणी खूण दोनदा केली होती. एकदा बघून विश्वास बसला नसावा.

रविवारी सकाळी तो वही घेऊन अंबरपेठेला गेला. सांगूनच यायचं, असा निश्चय केला होता.

गिरणीच्या वर दोन खोल्यांचं घर. दार शिवानीच्या वडिलांनी उघडलं. तातेराव अफझलगंजजवळच्या वाचनालयात शिपाई होते. तीस वर्षं पुस्तकं लावली, फाटलेली चिकटवली, आता निवृत्त. "जय भीम सर, या या," ते म्हणाले. अमेय गडबडून "नमस्कार काका" म्हणाला. आतून पार्वतीबाई पदराला हात पुसत आल्या. "बसा. शिवानी घरात दिसरात तुमचंच नाव घेती. दादा असं म्हणले, दादा तसं म्हणले. आता जेवल्याबगैर जायचं नाही. अंबाडीची भाजी केलीय, भाकरी टाकायले."

शिवानी त्याच्या हातातली वही बघून हसली आणि आईच्या मदतीला आत गेली. अमेय खुर्चीच्या कडेवर बसला. निश्चय करून आलेल्या माणसाला घरचे लोक इतक्या मायेने वागवायला लागले, की निश्चय कुठे ठेवावा ते कळत नाही.

तातेरावांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली घेतला. "सर, पोरीच्या डोळ्याचं लई वाईट वाटायलंय मला. चूक माझी हाय."

"तुमची?"

"एकच खोली व्हती आमची तवा. बल्ब एक. मला सकाळी वाचनालय उघडायला जायचं असायचं, उजेडात झोप येईना म्हणून मी बल्बला पेपर गुंडाळायचो. ही त्या पेपरातून जेवढा उजेड गळंल तेवढ्यात वाचायची. दहावीपर्यंत, सर. तिकडं मी दुनियेची पुस्तकं खिडकीपाशी मांडायचो, लोकांना नीट दिसावं म्हणून. अन् घरच्या लेकराला..." त्यांनी हात हलवला. "आता तिची नोकरी चालली माझ्यापायी. तिला बोललो नाही मी. तुमाला सांगायलो."

अमेयला वाटलं, कोणीतरी आपल्याला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. एक ओळ, पाच मिनिटांत लिहिलेली, ती ऑफिसातून निघून शहराच्या या टोकाला आली होती आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या पंधरा वर्षांपूर्वीच्या झोपेवर जाऊन बसली होती.

"काका," तो म्हणाला, "तिचे डोळे चांगले आहेत."

"डॉक्टरबी तेच म्हणला. पण रेघ दिसली नाही ना तिला?"

"रेघ नव्हतीच."

तातेराव पुढे झुकले.

"ती मी बंद केली होती. फेब्रुवारीत. सगळ्यांच्याच मशीनवर. तिला काय, कोणालाच दिसली नसती. आणि तिचं काम तपासून बरोबर आहे म्हणून सही करणाराही मीच." एकदा सुरू झाल्यावर ते सगळं भडाभडा बाहेर आलं. मीटिंग, मॅडमचा प्रश्न, पाण्याची बाटली. बोलून झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की शिवानी ताट घेऊन आतल्या दारात उभी आहे.

पार्वतीबाई तिच्या मागे होत्या. "मंग ही इतके दिवस रडायली ते?" त्यांनी कोणाला विचारलं ते कळलं नाही.

तातेराव म्हणजे वाचनालयातला, ओरडायची सवय नसलेला माणूस. आवाज चढला नाही. "हे हापिसात सांगितलं का, सर?"

"नाही. उद्या सांगणार आहे."

"मंग इथं कशाला सांगायलात? इथं तिला कोणी नालायक म्हणत नव्हतं."

आपल्याला काय हवं होतं ते अमेयला तेव्हा लख्ख कळलं: इथे माफी मिळाली असती, भाजीभाकरी मिळाली असती, आणि मन हलकं करून उद्या पुन्हा पाण्याची बाटली उघडायला तो मोकळा झाला असता.

शिवानीने ताट त्याच्यापुढे ठेवलं. "जेवून घ्या," ती म्हणाली. नुसतं जेवून घ्या. त्यापुढे दादा नव्हतं. ताट तसंच सोडून उठलं तर या घरात त्याचा काय अर्थ लावला जाईल, एवढं अमेयला समजत होतं. तो जेवला. दोन्ही भाकरी संपवल्या. पार्वतीबाईंनी तिसरी वाढली नाही.

सोमवारी मीटिंगमध्ये शिवानीने वही पुढे करायच्या आत अमेय उठला. त्याने पडद्यावर सामाईक सेटिंगची फाइल उघडली. कुठली ओळ कोणी आणि कधी लिहिली हे दाखवायची सोय असते, ती चालू केली. ओळीशेजारी त्याचं नाव आलं. तारीख, वेळ, बारा पंचेचाळीस.

"शिवानी को नहीं दिखी, क्योंकि थी ही नहीं," तो म्हणाला. "मैंने बंद की थी. उसका कोड भी मैंने ही पास किया था. उस दिन मीटिंग में मुझे ये पता था."

श्रीलता मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तीन हफ्ते, अमेय. मैंने इस लड़की के बारे में वो मेल लिखा. तुम कॉपी में थे."

"हो," तो म्हणाला. मराठीतच म्हणाला, त्याच्या लक्षातही आलं नाही.

मॅडमनी त्याच दिवशी आधीची मेल मागे घेतली आणि शिवानीचं नाव पक्कं करायला पाठवलं. अमेयकडून इतरांचा कोड तपासायचं काम काढून घेतलं. मे महिन्याचा विषय कोणी काढला नाही, त्यानेही नाही. मग दोन दिवस खपून त्याने फेब्रुवारीत करायला हवं होतं ते केलं. आपली ओळ काढून टाकली. अकरा पडद्यांवर पुन्हा अडीचशेच्या वर पिवळ्या रेघा उगवल्या. मग एकेका मशीनवर बसून एडिटरला बरोबर पायथन आणि बरोबर पत्ता सांगितला. रेघा भराभर विझत गेल्या. शेवटी तीन उरल्या. त्या खऱ्या होत्या, वहीत ज्यांच्यापुढे खूण नव्हती त्याच, आणि त्यांतली एक त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये होती. शिवानीच्या मशीनवर बसला तेव्हा ती खुर्ची देऊन खिडकीशी जाऊन उभी राहिली. काम झाल्यावर थँक्यू म्हणाली.

शिवानीचं पत्र आलं. तिने सगळ्यांना मैसूरपाक वाटला. अमेयच्या टेबलावरही एक तुकडा कागदावर ठेवलेला होता. तो आला तेव्हा ती जागेवर नव्हती. चष्मा तिने लावायचं सोडलं होतं.

जूनमध्ये एका दुपारी तिच्या पडद्यावर एक पिवळी रेघ उमटली. अमेय शेजारून जात होता. ती वळली.

"सर," ती म्हणाली, "ही खरी हाय का?"

त्याने वाकून बघितलं. "खरी आहे. फाइल तिथे नाहीये."

"आता सगळ्या खऱ्याच येतात ना?"

"हो. सगळ्या खऱ्याच. डोळे झाकून विश्वास ठेव."

तिने मान हलवली, खण उघडला, ती जाड वही काढली आणि हिरवं पेन हातात घेतलं.

"लिहून ठेवते, सर," ती म्हणाली.